बारा दिवसांची वही

फोंडा, गोवा

प्रिय सुभाष,

चवथीपासून तुला पत्र नाही की फोन नाही. रागावू नकोस. मूतखडा दुसऱ्यांदा झाला, पडला, आता बरा आहे.

लिहितोय ते वेगळ्याच कारणानं. खडा परत होऊ नये म्हणून एका गोळीची चाचणी चालू आहे, त्यात मी नाव दिलंय. अर्ध्या जणांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कुठली, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. सगळं तीनदा वाचून मगच सही केली.

चोवीस तासांची लघवी जमवायची असते. सकाळची पहिली सोडायची, मग दुसऱ्या सकाळच्या पहिलीपर्यंत थेंबन् थेंब कॅनमध्ये. कॅन गार हवा, आणि फ्रिजला तुझ्या वहिनीचा साफ नकार! शेवटी मासळीची थर्माकोलची पेटी धुऊन, बर्फ घालून न्हाणीत ठेवली. शेजारची पोरं इसवण आणलाय समजून डोकावून गेली.

आता खरं सांगतो. आई रोज पहाटे कुळीथ उकळून त्याचं पाणी पेला भरून पुढं करायची. बारा दिवस प्यालो. चाचणीच्या वहीत रकाना आहे: इतर औषध, काढा, घरगुती उपाय. बाराही दिवस मी तिथं 'नाही' लिहिलं. आईचा हात परतवता येईना, आणि डॉक्टरांना सांगावं तर काढून टाकतील ही भीती.

परवा डॉक्टर पाण्याचं समजावत होते. 1996 साली इटलीतल्या एका अभ्यासाचे आकडे छापून आले. खडा होऊन गेलेल्या 199 जणांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं होतं. भरपूर पाणी पिणाऱ्यांत 12 टक्क्यांना पुन्हा खडा, बाकीच्यांत 27. ते ऐकलं आणि गप्पच झालो. त्या माणसांनी माझ्यासारखं लपवलं असतं, तर आज मला कुठल्या भरवशावर पाणी प्या म्हणाले असते?

आणि मला बारावीचं प्रॅक्टिकल आठवलं. ब्युरेटचं तिसरं रीडिंग तू न घेताच लिहिलंस, म्हणून मी तुझ्याशी शिगम्यापर्यंत बोललो नव्हतो. सगळ्यांसमोर तुला खोटा म्हणालो. ते शब्द आज मागे घेतो, सुभाष. तुझ्या त्या रीडिंगवर कुणाचं औषध ठरणार नव्हतं. माझ्या वहीवर ठरणार आहे.

काल रात्री वही काढली. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. प्रत्येक 'नाही'वर एक रेघ मारली, शेजारी 'कुळथाचं पाणी, एक पेला' लिहिलं, कालची तारीख, सही. बारा वेळा. आईलाही सांगितलं. ती काही बोलली नाही, उरलेले कुळीथ पिठी करायला भाजायला घेतले.

तुझे गुडघे कसे आहेत? पोरीला पुण्यात खोली मिळाली का? वहिनींना नमस्कार.

मंगळवारी वही घेऊन जायचंय. आठच्या कदंबच्या बसमध्ये बसायच्या आधी एक फोन कर.

तुझा,
दत्ता