ठेवीदारांच्या वतीने सभागृहात विचारणार कोण?

महोदय,

बँक बुडीत निघाली की रिझर्व्ह बँक निर्बंध घालते, ठेवीदार शाखेच्या शटरवर चिकटवलेली नोटीस वाचत उभे राहतात आणि सरकार नियामकाकडे बोट दाखवते, हा क्रम आता सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून जेमतेम 1,000 रुपये काढता येत होते. पुढच्याच महिन्यात अर्थमंत्री निर्मला सीतारामन मुंबईत ठेवीदारांना भेटल्या. नियामक रिझर्व्ह बँक असल्याने आपल्या मंत्रालयाचा थेट संबंध येत नाही, असे सांगतानाच गरज पडल्यास हिवाळी अधिवेशनात सहकारी बँकांविषयीचा कायदा दुरुस्त करू, असेही त्या म्हणाल्या. प्रत्यक्षात दुरुस्ती आली ती जून 2020 मध्ये, अध्यादेशाच्या वाटेने. त्याची जागा घेणारे विधेयक सप्टेंबरमध्ये संमत झाले, तेव्हा करोनामुळे प्रश्नोत्तराचा तासच वगळलेला होता आणि राज्यसभेत विरोधकांचा बहिष्कार होता. निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारांना ठेव विम्याची रक्कम 90 दिवसांत देण्याचे 2021 चे विधेयकही पेगॅसस हेरगिरी प्रकरणाच्या गदारोळात उरकले गेले. तरतूद चांगली होती, पण तिच्यातल्या फटी दाखवायला चर्चा हवी होती.

अशी एक फट आम्हा ठाणेकरांच्या ओळखीची आहे. 5 लाखांचे विमा संरक्षण प्रत्येक ठेवीदारामागे मिळते आणि सहकारी गृहनिर्माण संस्था कितीही सदनिकांची असली तरी ती एकच ठेवीदार धरली जाते. आमच्या सोसायटीचा दुरुस्ती निधी एका नागरी सहकारी बँकेत अडकला, तेव्हा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी सभासदांकडून पुन्हा वर्गणी काढावी लागली. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदांकडे ती मागताना खजिनदार म्हणून माझी जी अवस्था झाली, ती सांगण्यात अर्थ नाही.

सभागृहात असे विचारणारे पूर्वी होते. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या सुमारे सव्वा कोटी रुपयांचा हिशेब डिसेंबर 1957 मध्ये फिरोझ गांधी यांनी लोकसभेत मागितला, आणि ते स्वतः सत्ताधारी पक्षाचे खासदार होते. न्या. छगला यांनी उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. महामंडळ स्वायत्त आहे, ही सबब तेव्हा चालली नाही.

पीएमसीच्या एकूण कर्जांपैकी 70 टक्क्यांहून अधिक कर्ज एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे होते आणि ते हजारो बनावट खात्यांआड दडवलेले होते. त्या वर्षांच्या तपासणी अहवालांत रिझर्व्ह बँकेने काय नोंदवले आणि दुर्लक्षाबद्दल कोणावर कारवाई झाली, हे ठाणे जिल्ह्यातील खासदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, तारांकित प्रश्नाद्वारे विचारावे. तारांकित अशासाठी की मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावे लागते आणि पूरक प्रश्नही विचारता येतात. नोटाबंदीनंतर संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना बोलावले होते. ठेवीदारांसाठीही बोलवावे, आणि गृहनिर्माण संस्थांच्या विमा मर्यादेचा विषय त्याच बैठकीत घ्यावा.

– एक खजिनदार, नौपाडा, ठाणे