भाकरीसाठी परतलेला

पुणे, रविवार रात्र

प्रिय आई आणि बाबा,
सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "जन्मभर प्रार्थना केली ती मतलबाचीच. आधी नोकरी दे, मग पोरांना पास कर, आता नरकात टाकू नको. असल्या भक्तीला कसलं तारण?" मला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात आईने फोन घेतला आणि विषय गुडघ्यांवर गेला.

हे तुमच्या मनात कुठून आलं ते मला ठाऊक आहे. १८७६ च्या दुष्काळात बेळगाव-कलादगीकडे माणसं अन्नाविना मरत होती, तेव्हा खापरपणजोबा मिशनच्या दारात गेले. गल्लीत भांडण झालं की अजून कुणीतरी "पोटासाठी बाटलेले" म्हणतंच, आणि तुम्ही खाली मान घालून सायकल पुसत बसायचात.

पण लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला, आपली वाटणी घेऊन परदेशी उधळणारा धाकटा मुलगा तरी घरी कशाला परतला? बापाच्या मायेने नव्हे. बापाच्या गड्यांना पोटभर भाकरी मिळते आणि आपण इथे उपाशी मरतोय, हे ध्यानात आलं म्हणून. वाटेत घोकलेलं बोलणंसुद्धा चाकरी मागण्याचं. गंमत अशी, की "मला गड्यासारखं ठेवा" हे त्याच्या तोंडून बाहेर पडायच्या आत बापाने झगा आणायला सांगितलं. हिशेब काढला तो थोरल्या भावाने, ज्याने घर कधी सोडलं नव्हतं: इतकी वर्षं राबलो, साधं करडू दिलं नाहीत!

फ्रान्समध्ये फेनेलॉन नावाचे आर्चबिशप होते. निखळ प्रेमाला स्वतःच्या तारणाचीही फिकीर नसते, असं ते मांडत. १६९९ साली पोपने त्यांच्या पुस्तकातली २३ वाक्यं चुकीची ठरवली. आपण मेथडिस्ट, पोपचं ऐकायची आपल्याला सवय नाही. पण इथे मी पोपच्या बाजूचा. स्वर्गाची आशा धरणं हा दोष ठरला तर रविवारी बाकं रिकामी पडतील की! पगार वाढला त्या महिन्यात मीही चर्चला द्यायचा दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, वेळेवर दिला, एरवी विसरतो.

प्रेषित पौलाची गोष्ट वेगळी. भाऊबंदांसाठी आपण ख्रिस्ताला अंतरलो तरी चालेल, असं तो रोमकरांना, म्हणजे रोमच्या ख्रिस्ती मंडळीला, पत्रात लिहितो. ते मला जमायचं नाही, बाबा, तुम्हालाही नाही. आईला कदाचित.

आई, मागच्या दारच्या काकू आठवतात? आपल्या घरचं पाणी न पिणाऱ्या. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांच्या सुनेच्या हाती तू वर्षभर भाकऱ्या दिल्यास. का, म्हणून विचारलं तर म्हणालीस, "उरतात रे." उरत नव्हत्या. मी मोजायचो.

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतोय. बाबा, स्टँडवर येऊ नका, रिक्षा करून येईन. कुंदा आणून ठेवू नका. साखर वाढलीय तुमची, आणि फडताळातला डबा कोण उघडतं ते आईला माहीत आहे.

तुमचा,
धाकटा