सोसायटीची सभा आणि घरची गौर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रत्नागिरीत मारुती मंदिर, नाचणे भागातल्या बऱ्याच सोसायट्या आता आपला कारभार व्यवस्थापन कंपनीकडे सोपवतात. अशाच एका कंपनीत मी सात वर्षे काम करते. माझ्याकडे अकरा सोसायट्या आहेत. बिले, थकबाकी, टाकीची सफाई, लिफ्टची दुरुस्ती, सभेची नोटीस, इतिवृत्त, सगळे मीच बघते.

काम मला मनापासून आवडते. बी.कॉम. झाल्यावर मुंबई गाठावी लागली नाही, हे एक. दुसरे, इथे मी खूप शिकले. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर, लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, थकबाकीवर व्याज ठरलेल्या मर्यादेच्या वर नाही, हे आज मी कुणालाही उपविधी, म्हणजे सोसायटीची नियमावली, उघडून दाखवू शकते. ‘आमचा ब्लॉक वर्षभर बंद, मग मेंटेनन्स कसला?’ म्हणत तावातावाने आलेले एक काका तासभर बसून बिल समजून घेऊन गेले. आता दर तिमाहीला एकेक रकाना तपासतात आणि वेळेवर पैसे भरतात. मे 2021 मध्ये तौक्ते वादळानंतर वीज नव्हती, तेव्हा जनरेटर मिळवून आम्ही पंप चालू केला. वरच्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजी जिन्यातून ओरडल्या, ‘बाय, पाणी आला गो!’ ती हाक अजून कानात आहे.

त्रास आहे तो वेळेचा. माझा नंबर अकरा सोसायट्यांच्या सूचना फलकांवर लावलेला आहे. पावसाळ्यात रात्री अकराला गळतीचा फोन येतो, तो मी घेते, कारण पाणी थांबत नाही. पण पार्किंगमध्ये कुणाची गाडी आडवी लागली, म्हणूनही त्याच वेळी फोन येतो. फोन न उचलल्यास तक्रार कंपनीकडे जाते, आणि साहेब म्हणतात, कंत्राट जाईल. सेक्रेटरी एक सांगतात, साहेब दुसरे. कंत्राट मिळवण्यासाठी दर पाडलेला असतो, तो शेवटी आमच्या पगारातून भरून निघतो.

सर्वांत जिव्हारी लागते ते गणपतीत. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते आणि निम्मे सभासद मुंबईला. ते गणपतीला गावी येणार, म्हणून सभा तेव्हाच. 2023 मध्ये चतुर्थी 19 सप्टेंबरला होती. त्या आठ-दहा दिवसांत माझ्या सात सभा झाल्या. 22 तारखेला गौरीपूजन. लांज्याजवळ आमच्या घरी जावा ओवसे, म्हणजे गौरीपुढे ठेवायची वाणाची सुपे, घेऊन बसल्या होत्या आणि मी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून गणपूर्तीची वाट पाहत होते. सासूबाईंनी माझे सूप बाजूला ठेवले होते. रात्री पोहोचले तेव्हा ते तसेच होते. त्या आठवड्याची बदली सुट्टी मला आजवर मिळालेली नाही.

मुंबईकर सभासदांवर माझा राग नाही. त्यांनाही घरची ओढ असते, आणि रजा काढून आलेल्या माणसाला सभेत बसायचा कंटाळा येतो, हे मी पाहिले आहे. मग सभा मे महिन्यात का घेऊ नये? तेव्हाही सगळे आंब्यांसाठी येतातच. हिशेब एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पूर्ण करून लेखापरीक्षकाकडे द्यायला आम्ही कर्मचारी तयार आहोत. मेच्या शेवटच्या रविवारची सभा धरली, तर नोटिशीचे 14 दिवस सोडून लेखापरीक्षणाला महिनाभर मिळतो. गेल्या वर्षी माझ्या एका छोट्या, सोळा ब्लॉकांच्या सोसायटीने हे करून दाखवले आणि सभेला नेहमीपेक्षा जास्त माणसे होती.

उरलेल्या दहा सोसायट्यांच्या कमिट्यांनी यंदा जानेवारीतच हा विषय बैठकीत घ्यावा. सूचना फलकावर फोनची वेळ लिहावी, तातडीचे काम म्हणजे कोणते तेही लिहावे. आणि आमच्या कंपनीने सभेच्या प्रत्येक रविवारची बदली सुट्टी हजेरीपटावर नोंदवून द्यावी.

आपली,
एक कर्मचारी, रत्नागिरी
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)