बाबा, ती एफडी मोडू नका

प्रिय आई-बाबा,

रविवारी फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, गाण्याच्या क्लासची मुलं दारात येऊन उभी राहिली म्हणून मी ठेवला आणि रात्री परत लावायचा तर बाबा नऊलाच झोपतात. आणि खरं सांगू का, हे फोनवर सांगण्यासारखं नाहीच, फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं बरं, तू म्हणशील तसं" म्हणतात आणि मग आठ दिवस मनात तेच धरून बसतात. म्हणून लिहून पाठवतेय. दादाला म्हणावं प्रिंट काढून दे, मोबाईलवर वाचताना आईच्या डोळ्यातून पाणी येतं.

आधी मुख्य ते सांगते. बाबा, ती एफडी मोडू नका. त्या मुंबईच्या माणसाने दादाला फोन करून जे सांगितलं, एक लाख ऐंशी हजारात माझ्या गाण्याचं व्हिडिओ शूट आणि वर दहा लाख व्ह्यूजची गॅरंटी, ते मी नीट ऐकून घेतलं आणि माझं उत्तर नाही असं आहे. व्ह्यूजची गॅरंटी कोणी देऊच शकत नाही. जो देतो तो मशीनवरून खोटे आकडे वाढवतो, आणि गाणी ऐकायच्या ॲपवाल्यांना ते कळलं की गाणं काढून टाकतात आणि वर दंड लावतात. माझ्याबरोबर विशारदला असलेल्या एका मुलाने पंधरा हजार देऊन असं केलं होतं, महिनाभर आकडा वाढताना बघून आम्ही सगळे खूश, नंतर एक दिवस गाणंच गायब. त्याचं ते पहिलं रेकॉर्डिंग होतं हो. नंतर त्याने गाणं टाकलंच नाही.

आता बाबांचा प्रश्न, ॲपवर टाकलेल्या माझ्या गाण्याबद्दलचा. "एक लाख बारा हजार वेळा वाजलं म्हणतेस, एका वेळेचा एक रुपया धरला तरी लाखाच्या वर झाले की, मग गेले कुठं?" बाबा, हा प्रश्न मला खूप लागला, कारण तुम्ही तो संशयाने विचारला नव्हता, पोरीला कोणीतरी फसवतंय या काळजीने विचारला होता. तर गेल्या वर्षी सगळ्या ॲपचं मिळून मला आले ५,९४० रुपये. म्हणजे एका वेळेचे पाच पैसे आणि थोडे वर. आणि ते गाणं करायला मला २१ हजार लागले होते, स्टुडिओ, तबला, पखवाज, नंतरचं मिक्सिंग, सगळं धरून. शिवाय गाणं सगळ्या ॲपवर चढवून देणारी जी मधली कंपनी असते तिची वर्षाची फी वेगळी.

तुम्ही लासलगावला कांदा विकून आल्यावर हिशोबाची पट्टी आईच्या हातात द्यायचा आणि आई डब्याजवळ बसून वाचायची ते मला आठवतं. वजन इतकं, भाव इतका, मग खाली हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं. मी चौथीत असेन, एकदा खालचा आकडा वाचून आई काहीच बोलली नव्हती, पट्टी घडी करून डब्याखाली ठेवली आणि भाकरी थापायला लागली. २०२३ मध्ये सोलापूरकडच्या त्या शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे २ रुपये हातात आले तेव्हा सगळीकडे बातमी झाली होती, बाबा तेव्हा दोन दिवस जेवताना गप्प होते. तर माझीपण एक पट्टी येते, महिन्याला, मेलवर. फरक एवढाच की तुमच्या पट्टीवर भाव तरी लिहिलेला असतो. माझ्याकडे भाव आधी ठरलेलाच नसतो.

ते असं असतं. ॲपवाले महिन्याचा सगळा पैसा, म्हणजे लोकांनी भरलेले आणि जाहिरातींचे, एका ठिकाणी गोळा करतात. त्यातला साधारण एक तृतीयांश स्वतःकडे ठेवतात आणि बाकीचा गाण्याच्या मालकांना वाटतात. वाटतात कसा, तर त्या महिन्यात एकूण जेवढी गाणी वाजली त्यात तुमचं किती टक्के वाजलं त्यावर. समजा लासलगावचा अख्ख्या महिन्याचा कांदा एकाच ढिगात ओतला आणि शेवटी आलेला पैसा वजनावर वाटला, तर ज्याच्या पाच हजार ट्रॉल्या त्याचं घर भरणार आणि ज्याने चार गोण्या निवडून, गोलटी बाजूला काढून आणल्या त्याला चार गोण्यांच्या मानाने, मग गिऱ्हाईक खास त्याच्याच कांद्यासाठी आलेलं असलं तरी. आई, तू महिन्याचे पैसे भरून ॲप घेतलंस आणि दिवसरात्र फक्त माझंच गाणं लावलंस तरी तुझे पैसे माझ्याकडे येत नाहीत, ते त्या ढिगात जातात आणि मोठा भाग तिकडे सिनेमाच्या गाण्यांना जातो. हे बदलता येतं बरं का, साउंडक्लाउड नावाच्या ॲपने २०२१ मध्ये छोट्या कलाकारांसाठी ऐकणाऱ्याचा पैसा तो जे ऐकतो त्यालाच द्यायची पद्धत सुरू केली, पण मोठ्या ॲपवर अजून ढीगच आहे. त्यात आपल्याकडे वर्गणी स्वस्त आणि बहुतेक लोक फुकटातच जाहिराती ऐकत गाणी ऐकतात, म्हणून ढीगच मुळात लहान, अमेरिकेत हीच गाणी वाजली तर कितीतरी पट जास्त येतात. आणि २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम आहे की बारा महिन्यांत १,००० वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचे काहीच मिळत नाहीत, नवीन गाणाऱ्याला हा नियम कसा लागत असेल विचार करा. रेसो आणि विंक ही दोन ॲप तर त्याच वर्षी इथे बंदच झाली.

मी वर 'मालकांना' म्हटलं, ते मुद्दाम. ज्याने रेकॉर्डिंगला पैसा घातला तो मालक, गाणारा नाही. माझं गाणं माझ्या पैशाने झालं म्हणून ते ५,९४० तरी माझे. कंपनीसाठी गायले असते तर बहुतेक एकदाच पाकीट मिळालं असतं आणि पुढे काय होईल ते त्यांचं. हे काही आत्ताचं नाही हो. साठच्या दशकात लताबाईंनी गायकांना रॉयल्टी मिळाली पाहिजे म्हणून धरून ठेवलं, रफीसाहेबांचं म्हणणं होतं की मानधन घेतलं की विषय संपला, त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. मला लहानपणी वाटायचं एवढ्या मोठ्या माणसांनी पैशासाठी काय भांडायचं. आता वाटतं बाई बरोबर होत्या. २०१२ मध्ये कॉपीराइटचा कायदा बदलला, जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत बोलले होते, त्यामुळे गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा रॉयल्टीचा हक्क आता कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही. ते पैसे आयपीआरएस नावाची संस्था गोळा करून देते, १९६९ पासून आहे, मी चाल लावणारी म्हणून मागच्या वर्षी सभासद झाले आणि पहिले १,१४० रुपये आले. कमी आहेत, पण मला फार बरं वाटलं, कारण ते 'ही चाल हिची आहे' असं मान्य करून आलेले पैसे होते.

बरं मग मी जगते कशावर. हे तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही, माझीच चूक. क्लासला सध्या २४ मुलं आहेत, महिना १,२०० फी, मे महिना आणि परीक्षेनंतरची गळती सोडून वर्षाला तीन लाखांच्या आसपास येतात. गांधर्व मंडळाच्या प्रवेशिका-मध्यमा या गाण्याच्या परीक्षा असतात म्हणून आईबाप मुलांना टिकवतात, नाहीतर सगळे दोन महिन्यांत गिटारकडे. बाहेरगावचे तीन जण ऑनलाइन शिकतात, एक दुबईची, दोघं अमेरिकेत, त्यांच्यासाठी पहाटे साडेपाचला उठते, त्यातून सव्वा लाख. कार्यक्रम गेल्या वर्षी ३१ झाले, आषाढी, गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, लग्नातली संगीत संध्या, दोन-तीन श्रद्धांजलीचे. तबला, पेटी, टाळ यांचं मानधन आणि गाडी जाऊन मला सरासरी साडेसहा हजार राहतात. साथीदाराचे पैसे मी त्याच रात्री देते, आयोजकाचे आले नसले तरी, हे बाबा तुमच्याकडूनच आलंय, मजुराचा रोज संध्याकाळी हातात. आणि थोडंफार दुकानांच्या जाहिरातींना आवाज देऊन. सगळं मिळून वर्षाचे साडेसहा लाख. नाशिकला इंदिरानगरच्या घराचं भाडं, गाडीचा हप्ता, हार्मोनियमची ट्युनिंग जाऊन बाजूलाही पडतात थोडे. लॉकडाऊनमध्ये कार्यक्रम शून्य होते आणि ॲपवर लोक तेव्हाही गाणी ऐकत होते, तेव्हा मला ऑनलाइन क्लासने जगवलं, ॲपने नाही. त्या दोन वर्षांत तुम्ही दर महिन्याला गहू, तांदूळ, कांदे पाठवायचा. विसरले नाहीये.

आता तुम्ही म्हणाल मग ॲपवर टाकतेस कशाला, बंद कर. ते का नाही करत ते सांगते, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मागच्या कोजागिरीला गंगापूर रोडला एका सोसायटीच्या गच्चीवर कार्यक्रम होता. दूध आटत होतं, मुलं पळत होती, माईक मध्येच कुरकुरत होता. मध्यंतरात एक बाई आल्या, पन्नाशीच्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, ती जात्यावरची ओवी तुम्हीच गायलीत ना. त्यांची आई अंथरुणाला खिळून होती, कोणाला ओळखायची नाही, झोपायची नाही. एकदा नातीने मोबाईलवर ही ओवी लावली तर म्हातारीचा उजवा हात चादरीवर गोल फिरायला लागला. दळायला बसल्यासारखा. मग चार महिने रोज रात्री तेच, शेवटच्या रात्रीपर्यंत. आई, ती तुझ्या आजीची ओवी आहे, तू मला मांडीवर घेऊन म्हणायचीस ती, मी फक्त मागे तंबोरा आणि थोडा पखवाज घातलाय.

घरी आल्यावर मी हिशोब केला, चार महिने म्हणजे एकशेवीस वेळा, पाच पैशाने सहा रुपये. खूप रडले त्या रात्री, पैशासाठी नाही, कशासाठी ते अजून नीट सांगता येत नाही. त्या बाईंची नात आता बुधवार-शुक्रवार क्लासला येते, आणि त्यांच्या ओळखीने यंदा नवरात्रात दोन तारखा आल्यात. म्हणजे ॲप मला पगार देत नाही, पण माझं गाणं ज्या घरात मी कधी गेले नसते त्या घरात जातं आणि तिथून माणूस मला शोधत येतो, आणि मग तो माणूस देतो. म्हणून दोन लाखांचा व्हिडिओ नको. मला वर्षाला दोन गाणी नीट, स्वतःच्या पैशाने करायची आहेत आणि ती माझ्याच मालकीची ठेवायची आहेत.

परवा पंचवटीत गेले होते तर इंद्रकुंडाजवळच्या पलुस्कर सभागृहासमोर थांबले जरा वेळ. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, राजाच्या आश्रयावर नाही, लोकांच्या पैशावर, तिकीट लावून गाणं करायचे, त्या काळी ते कमीपणाचं मानायचे. पुढे मुंबईच्या इमारतीचं कर्ज फिटलं नाही, ती हातची गेली, आणि ते नाशकात येऊन रामनामाच्या आश्रमात राहिले. एवढा मोठा माणूस, पण गाण्यावर संस्था चालवताना तोही कर्जात बुडाला. बाबा, मला कर्जात जायचं नाही आणि तुमची एफडी तर नाहीच नाही. त्यातून आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करा, दिवाळीच्या आधी, तारीख मी इथल्या डॉक्टरांकडे घेऊन ठेवते.

यंदा दिवाळीच्या पाडवा पहाटला मला आमच्या भागातल्या गणपती मंदिरासमोर गायचंय, पावणेसहाला सुरू. कॉलेजात असताना बाबा मला स्कूटरवरून पिंपळपारावर पाडव्याच्या पहाटेला घेऊन आले होते, गावातून साडेतीनला निघालो होतो, बसायला जागा नव्हती तर तीन तास उभं राहून ऐकलं होतं, आठवतंय ना? यावेळी तुम्हाला खुर्ची पहिल्या रांगेत, आदल्या रात्रीच या मुक्कामाला.

आणि येताना आजोबांची भजनी मंडळाची पेटी गाडीत घालून आणा, कपाटावर गोणपाटात बांधून ठेवलीय ती. मधल्या सप्तकातले दोन सूर बसलेत आणि भाता गळतोय, इथे पंचवटीत एक जण दुरुस्त करून देतो पण त्याला पंधरा दिवस लागतात, म्हणून दादा पुढच्या आठवड्यात द्राक्षाची औषधं घ्यायला नाशकात येणार आहे तेव्हाच त्याच्याबरोबर दिलीत तर जास्त बरं. आडवी ठेवू नका म्हणावं, आणि वर काही रचू नका.

तुमची,
छकुली