डावं-उजवं, पुढं-मागं शाळेतच शिकवा

मा. संपादक साहेब, नमस्कार,

मी मिरजेत एक्स-रे टेक्निशियन आहे. जत-आटपाडीपासनं पार अथणी-विजापूरपर्यंतचे पेशंट इथं येतात, आणि रोज एकच गोष्ट बघतो म्हणून हे पत्र. दुखतंय कुठं ते लोकांना नीट सांगताच येत नाही.

पेशंटला बोलवत नसलं की सोबतचा माणूस समोर उभा राहतो आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवून "हितं दुखतंय बघा" म्हणतो. आता त्यानं आरशात दिसतं तसं दाखवलं का खरी बाजू दाखवली हे आम्ही परत परत विचारत बसायचं. खरं तर नियम एकदम सोपा आहे, डावं-उजवं नेहमी पेशंटचं धरायचं, बघणाऱ्याचं नाही. शरीरशास्त्रात माणूस सरळ उभा, तोंड समोर, तळहात पुढं असाच धरतात. एक्स-रे बघताना पण पेशंट आपल्याकडं तोंड करून उभा आहे असं समजायचं, त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, म्हणून तर फिल्मवर आम्ही आर किंवा एल अक्षर टाकतो.

पोटाचं बघा. उजवीकडं वर बरगडीखाली लिव्हर आणि पित्ताशय, डावीकडं वर जठर आणि प्लीहा, उजवीकडं खाली अपेंडिक्स. अपेंडिक्सचं दुखणं बऱ्याचदा बेंबीपाशी सुरू होतं आणि काही तासांनी उजवीकडं खाली सरकतं, म्हणजे आधी कुठं होतं आणि आता कुठं आहे एवढं जरी सांगितलं तरी डॉक्टरांचं निम्मं काम होतं. किडन्या पोटाच्या पार मागच्या बाजूला, पाठीला लागून असतात. हात मोडला तर अंगठ्याच्या बाजूला का करंगळीच्या, मनगटाजवळ का कोपराजवळ हे सांगा, कोपराखाली दोन हाडं असतात.

सगळ्यात जीव तुटतो तो हृदयाच्या बाबतीत. हृदय छातीच्या जवळपास मधोमध असतं, टोक तेवढं डावीकडं. अटॅकचं दुखणं मधोमध, जबड्यात, हातात, पाठीत, कधी पोटाच्या वरच्या भागात पण येतं. पण लोक "डावीकडं दुखत नाही म्हणजे गॅसच असणार" म्हणून सोडा पिऊन घरी बसतात आणि मोलाचा वेळ जातो. असं एकाही घरात होऊ नये हो.

शाळेत 206 हाडं पोरांना तोंडपाठ असतात, पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरण सगळं लिहून मार्क पण मिळतात, पण "लिव्हर कुठाय, हात ठेवून दाखव" म्हटलं की गडबडतात. विज्ञानाच्या सरांनी एक तास तरी पोरांना उभं करून स्वतःच्याच अंगावर हे शिकवावं, गावात आशाताईंनी बायकांच्या बैठकीत दाखवावं. आणि तुमच्या आरोग्याच्या पानावर शरीराची दोन मोठी चित्रं छापा, एक पुढनं आणि एक मागनं, दोन्हीवर पेशंटची उजवी आणि डावी बाजू ठळक लिहून, म्हणजे लोक कापून घरात भिंतीला लावतील.

आपला,
एक वाचक, मिरज, जि. सांगली