ओल्या बाळंतिणीपाशी कोण थांबणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदुरातल्या मराठी घरांत बाळंतपणाचा विषय निघाला की डॉक्टर कोण आणि नॉर्मल की सिझर, एवढीच विचारपूस होते. कळा सुरू झाल्यापासून सुटका होईपर्यंतचे आठ-दहा तास आणि त्यानंतरचे दोन तास त्या बाईच्या खाटेपाशी कोण थांबणार आहे, हे कोणी विचारत नाही. आम्ही प्रसूतिकक्षात काम करणाऱ्या आणि तिथले काम शिकवणाऱ्या परिचारिका आहोत. आमच्या मते पहिला प्रश्न तोच आहे.

थांबायचे म्हणजे नुसते उभे राहायचे नसते. कळा जोरात असताना दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकायचे. कळ ओसरल्यावर लगेच, पूर्ण एक मिनिट मोजायचे, कारण बाळाला त्रास होत असेल तर ठोके मंदावलेले त्याच क्षणी कळतात. ११० ते १६० ही त्यांची सर्वसाधारण मर्यादा. पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली हे पाहायचे. आतून तपासणी मात्र चार तासांनी एकदा. उठसूट हात घातला तर जंतुसंसर्गाची भीती वाढते. हे सगळे पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपणाची प्रगती दाखवणाऱ्या आलेखाच्या कागदावर, ज्या त्या वेळी लिहायचे. एका परिचारिकेकडे पाच-सहा खाटा असल्या की पार्टोग्राफ बाळ झाल्यावर आठवून भरला जातो. सगळे बिंदू एका रेषेत आलेला कागद दिसला की तो नंतर भरला असे खुशाल समजावे. मग बाई अडली आहे हे सांगण्यासाठी जो कागद बनवला, तो केवळ फाइलीत राहतो.

घाईचा दुसरा परिणाम याहून वाईट. गर्भपिशवीचे तोंड ताशी एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, असा समज अजून पक्का आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले की कळांचा सक्रिय टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरावा आणि बाई व बाळ ठीक असतील तर केवळ ताशी एक सेंटिमीटरचा वेग नाही म्हणून उपाय सुरू करू नयेत. तरीही दोन-तीन सेंटिमीटरवर दाखल झालेल्या बाईला कळा वाढवण्याचे औषध सुरू होते. सलाईनमधून, मोजून, जिथे शस्त्रक्रियेची सोय आहे तिथे आणि कोणी शेजारी बसून ठोके ऐकत असेल तर ऑक्सिटोसिन उपयोगी आहे. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा आल्या तर थेंब तत्काळ बंद करता येतात. पण वस्त्यांत आणि आडगावी बाळ होण्याआधीच हे औषध दंडात किंवा कमरेत टोचले जाते. टोचलेले औषध परत काढता येत नाही. कळांमध्ये उसंत राहत नाही, बाळाला रक्तपुरवठा कमी पडतो, आणि आधी सिझेरियन झालेले असेल किंवा बाळ आडवे असेल तर गर्भपिशवी फाटू शकते. पोटावर कोपराने किंवा हातांनी दाब देऊन बाळ खाली ढकलण्याची रीतही अशीच धोक्याची. ती शिकवणे आणि करणे दोन्ही थांबले पाहिजे.

आता त्या दोन तासांविषयी. बाळ रडले, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि नेमकी त्याच वेळी बाळंतिणीकडे पाठ फिरते. दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त वाहत असते. वार सुटल्यावर त्या उघड्या रक्तवाहिन्या पिशवीच्या आकुंचनानेच बंद होतात. पिशवी ढिली राहिली तर धडधाकट बाईही तासाभरात हातची जाऊ शकते. म्हणून बाळ बाहेर आले की पोट चाचपून आत दुसरे बाळ नाही याची खात्री करायची आणि एका मिनिटाच्या आत १० युनिट ऑक्सिटोसिन मांडीत द्यायचे. वर म्हटले तेच औषध. बाळ होण्याआधी टोचले तर घातक, नंतर दिले तर जीव वाचवणारे. नाळ एक ते तीन मिनिटांनी बांधायची. मग एक हात ओटीपोटाच्या खालच्या हाडाच्या वर ठेवून पिशवी वर धरायची आणि दुसऱ्या हाताने, पिशवी घट्ट झालेली असतानाच, नाळ हलके ओढायची. वरचा आधार न देता ओढले तर पिशवी उलटी बाहेर येण्याचा धोका असतो. वार आली की ताटात पसरून तिचे सगळे भाग जुळतात का आणि पडदे पूर्ण आहेत का ते पाहायचे. तुकडा आत राहिला तर रक्तस्राव थांबत नाही.

त्यानंतर दोन तास, दर पंधरा मिनिटांनी बेंबीखाली हात. पिशवी नारळासारखी टणक लागली पाहिजे. ती मऊ लागत असेल किंवा बेंबीच्या वर चढत असेल, तर बाहेर रक्त दिसत नसले तरी आत साचते आहे. पुष्कळदा कारण साधे असते: लघवीची पिशवी भरलेली असते आणि गर्भपिशवीला आकसायला जागा देत नाही. बाळंतिणीला वेळेवर लघवीला नेणे हे यासाठी. पाच मिनिटांच्या आत एक पॅड पूर्ण भिजला तर तो गंभीर रक्तस्राव.

नजरेने केलेला रक्ताचा अंदाज जवळजवळ नेहमीच कमी निघतो, कारण रक्त चादरीत, गादीत, बादलीत विखुरलेले असते. त्यावर उपाय स्वस्त आहे: कमरेखाली घालायचा, खाली मोजखुणा असलेली पिशवी जोडलेला प्लास्टिकचा पडदा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात असा पडदा वापरून रक्त मोजले. अतिरक्तस्राव दिसताच गर्भपिशवी चोळणे, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि रक्तस्रावाच्या जागेची तपासणी हे उपाय एकामागून एक न करता एकत्र सुरू केले. गंभीर रक्तस्राव व त्याचे दुष्परिणाम ६० टक्क्यांनी घटले. आपल्याकडे हिमोग्लोबिन सातच्या आसपास असताना बाळंत होणाऱ्या बाया आहेत. त्यांना अर्धा लिटरसुद्धा सोसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी मोजणे अधिकच गरजेचे.

ऑक्सिटोसिनबद्दल आणखी एक. ते २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. माळव्यात मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो आणि टेबलावरच्या ट्रेमध्ये ॲम्प्यूल दिवस दिवस पडून असतात. औषध दिले, तरी पिशवी घट्ट होत नाही; मग दोष बाईच्या नशिबाला दिला जातो. लागेल तेवढेच बाहेर काढावे, बाकी फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नव्हे.

हे सगळे करायला तासन् तास एकाच कामावर राहणारे शिकलेले माणूस लागते. त्यालाच आम्ही प्रसाविका म्हणतो. गावच्या सुईणीशी तिची गल्लत करू नये. हे पद आपल्याकडे हळूहळू पुसले गेले. कर्तारसिंग समितीच्या १९७३ च्या अहवालानंतर एएनएम (साहाय्यक परिचारिका-प्रसाविका) बहुउद्देशीय कार्यकर्ती झाली, तिचा अभ्यासक्रम २४ महिन्यांवरून १८ महिन्यांवर आला आणि लसीकरण, कुटुंबनियोजन, नोंदवह्या यांत बाळंतपणाचा हात सुटत गेला. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढून ही चूक सुधारायला घेतली. जीएनएम (परिचर्येची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या परिचारिकांना १८ महिन्यांचे जादा प्रशिक्षण आणि मोठ्या रुग्णालयांना जोडून प्रसाविकांनी चालवायचे स्वतंत्र कक्ष, अशी ती योजना आहे. बिनधोक्याची बाळंतपणे तिथे; गुंतागुंत दिसली की शेजारच्या डॉक्टरांकडे. आमचा आग्रह एवढाच की प्रशिक्षण घेतलेली प्रसाविका प्रसूतिकक्षातच राहावी. तिला सहा महिन्यांनी मेडिकल वॉर्डात किंवा ओपीडीत पाठवले, तर १८ महिन्यांचा खर्च आणि कौशल्य दोन्ही वाया जाते. हाताला सवय राहिली नाही तर श्वास न घेता जन्मलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात मास्कने श्वास देणेही जमत नाही.

गरज कोणाला सर्वांत जास्त आहे, तेही लिहिले पाहिजे. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू मध्य प्रदेशात १७३ होते, देशात ९७, महाराष्ट्रात ३३, केरळात १९. इंदुरातल्या इमारतींवर गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या बाया झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडून आलेल्या असतात. तपासण्या गावी अर्ध्या, इथे अर्ध्या. कार्ड गावी राहिलेले. कळा लागल्यावर आधी आधार आणि समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब ओळख क्रमांक) मागितला की नवरा कागद शोधत फिरतो. जून २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याचे वाहन मोफत आहे. जननी सुरक्षा योजनेचे पैसे खात्यात जमा करायला कागद लागतील. ते दुसऱ्या दिवशीही आणता येतील. दाखल करून घ्यायला त्यांची वाट पाहू नये.

या मजूर बायांची बोली भिली, बारेली, निमाडी. ‘जोर लगाओ’ हे कधी आणि कसे, हे तिला उताणे झोपवून ओरडून सांगितल्याने समजत नाही. सोबत सासू, जाऊ किंवा बहीण असली तर अर्धे काम सोपे होते. प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला केंद्राने २०१६ पासून मान्यता दिली आहे. जागा नाही हे कारण बरेचदा एका पडद्याने सुटते. बाई कुशीवर, उकिडवी किंवा गुडघ्यांवर बाळंत होऊ शकते. आदिवासी बायांना ते आपोआप येते, आम्हीच त्यांना टेबलावर बांधून टाकतो. तांबी बसवणे किंवा नसबंदी याविषयीचे बोलणे गरोदरपणीच व्हावे. कळांमध्ये घेतलेला अंगठा संमती होत नाही.

लांबून पाठवल्या जाणाऱ्या बायांमध्ये झटके आलेल्या किंवा रक्तदाब फार चढलेल्या पुष्कळ असतात. झाबुआ ते इंदूर दीडशे किलोमीटर. तिकडून गाडी सुटण्यापूर्वी झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दिलाच पाहिजे: ५० टक्के द्रावणाचे १० मिलिलिटर, म्हणजे ५ ग्रॅम, प्रत्येक कुल्ल्यात खोलवर, एकूण १० ग्रॅम. एएनएमला तो देण्याची मुभा आहे. भीतीपोटी तो दिला जात नाही, किंवा दिला तर लिहिला जात नाही. न लिहिलेला डोस इथे पुन्हा दिला गेला तर श्वास मंदावण्याचा धोका. चिठ्ठीवर डोस, वेळ, शेवटचा रक्तदाब आणि एक फोन, एवढे नक्की करता येते.

खासगी दवाखान्यांकडे वळलेल्या आपल्या वाचकांसाठीही दोन शब्द. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशभरात खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारीत १४.३ टक्के. गरज असलेले सिझेरियन जीव वाचवते. मुहूर्त बघून पोट कापायला लावणे मात्र घरच्यांनी थांबवायला हवे, कारण पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यावर रुजण्याचा धोका प्रत्येक सिझेरियनबरोबर वाढतो. गरोदर सुनेला घेऊन दवाखाना ठरवायला जाल तेव्हा खोलीत एसी आहे का हे विचारण्याआधी रात्रपाळीला प्रसूतिकक्षात किती प्रशिक्षित परिचारिका असतात, सोबतीण आत येऊ देता का आणि रक्त कसे मोजता, हे विचारा.

इंदूरच्या सरकारी आणि खासगी प्रसूतिगृहांनी आपल्या दारावर एक पाटी लावावी, रोज खडूने बदलायची: या पाळीला दाखल बाया किती, प्रसाविका किती. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांच्या मोफत तपासणीसाठी जी गर्दी होते, तिच्या डोळ्यांसमोर ती पाटी असावी.

कळावे,
प्रसूतिकक्षात काम करणाऱ्या व शिकवणाऱ्या काही परिचारिका,
इंदूर