संडे स्कूलमधला लॅपटॉप

बेळगाव-खानापूरकडच्या संडे स्कूलमध्ये बालवाडीतल्या मुलांना बायबलकथा लॅपटॉपवर दाखवायच्या तर तयार सॉफ्टवेअरमधलं इंग्रजी निवेदन त्यांच्या डोक्यावरून जातं. त्यापेक्षा पॉवरपॉइंटमध्ये नोहाच्या तारवाची – महापुरातून माणसं-प्राणी वाचवणाऱ्या जहाजाच्या गोष्टीची – सहा चित्रं घ्यावीत आणि प्रत्येकावर घरच्या बोलीत दोन वाक्यं रेकॉर्ड करावीत. खरी अडचण पुढेच. माउस हातात आला की पोरं कुठेही टकाटक क्लिक करतात आणि पाऊस पडायच्या आत तारू डोंगरावर! म्हणून ‘सेट अप स्लाइड शो’मध्ये कियॉस्क पर्याय निवडावा, स्लाइडची आपोआप पुढे सरकण्याची वेळ काढून टाकावी आणि ‘पुढे’चं ठळक बटण जोडावं. मग त्या बटणाशिवाय क्लिक चालत नाही; कबुतराच्या चोचीतलं जैतुनाचं पान शोधायला सवड मिळते. लॅपटॉपचा बारीक आवाज मात्र पत्र्याच्या हॉलमध्ये पावसात ऐकू येत नाही, वेगळा स्पीकर लागतोच.

– एक वाचक, खानापूर